ड्रायव्हर पाहिजे

ड्रायव्हर म्हटले की आमच्या पिढीच्या माणसाला एसटीचा ड्रायव्हर आठवतो. खाकी कपडे, मानेभोवती घाम टिपायला रुमाल आणि डोक्यावर ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गेली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या स्टँडांवर एकच नाटक रोज होत आले आहे. गाडी लागलेली असते, माणसे बसलेली असतात, खिडकीतून टाकलेल्या रुमालांवरून भांडणे होऊन ती मिटलेलीही असतात, आणि गाडी काही हलत नाही. का? तर ड्रायव्हर नाही. पण त्यात घाबरण्यासारखे कधी काही वाटले नाही. ड्रायव्हर कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तो कँटीनमध्ये चहा पीत असतो.

कॉम्प्युटरचा ड्रायव्हर कुठे चहा प्यायला जातो, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

या दुसऱ्या जातीच्या ड्रायव्हरशी माझा संबंध आला तो गोड्या मसाल्यामुळे. हे वाक्य वाचून बाइंडरने दोन वेगळ्या पुस्तकांची पाने एकत्र शिवली असे वाचकांना वाटेल. तसे झालेले नाही. जरा धीर धरावा.

आमची आई २०११ साली गेली. मोठी व्यवस्थित बाई. पाटल्या कोणाला, पितळेचा बंब कोणाला, देव कोणी न्यायचे, हे सगळे तिने आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे आमच्याकडे वाटण्या झाल्या त्या चहाच्या एका आधणात झाल्या. पण गोड्या मसाल्याचे प्रमाण तिने कोणालाच सांगितले नाही. लपवले असे नव्हे. कोणी विचारलेच नव्हते. उन्हाळा आला की आई मसाला करते, जसा उन्हाळा आला की आंबा येतो. त्याचे प्रमाण काय विचारायचे? आणि ती गेल्यावरच्या पहिल्या मे महिन्यात लक्षात आले, की डबा रिकामा आहे आणि भरणारे कोणी नाही.

तेव्हापासून आमच्या घराण्यात चार मसाले आहेत. थोरल्या वहिनींचा, आमच्या सौभाग्यवतींचा, धाकट्या भावाच्या बायकोचा आणि ताईचा. थोरल्या वहिनींच्या मते आई धने पुष्कळ घालत. धाकटीच्या मते खरी गंमत खोबऱ्यात होती. ताई म्हणते, तुम्हां दोघींनाही दगडफूल कळलेले नाही. आमच्या हिचे स्वतंत्र असे मत नाही. पण त्या दिवशी जे मत जास्त जोरात मांडले जाईल त्याच्या ते विरुद्ध असते. चारी मसाले चांगले आहेत, हे मी चारी घरी जेवून चारी घरी सांगितलेले आहे. फक्त आमटीला उकळी फुटली की जो वास बाहेरच्या खोलीपर्यंत चालत येऊन हाताला धरून पाटावर नेऊन बसवायचा, तो वास चारींतल्या एकालाही नाही. हे मात्र मी कुठेच सांगितलेले नाही.

तर गेल्या वर्षी मार्चमध्ये दादाने घराला रंग काढला. रंग काढला की माळा उतरवावा लागतो, आणि माळा उतरवला की आयुष्य उतरते. फुटका तबला, स्टोव्हच्या पिना, १९८३ सालचे विजेचे बिल, आणि या सगळ्याखाली एक खोके. खोक्यात २००५ साली घेतलेला डिजिटल कॅमेरा. दादाने लगेच फोन केला. “अरे, तो कॅमेरा सापडला! आईचा मसाला त्यात आहे!”

मलाही एकदम आठवले. २००६ च्या उन्हाळ्यात पुतण्याने आजीला मसाला भाजताना त्या कॅमेऱ्यात घेतले होते. नुसता फोटो नव्हे, हलते-बोलते चित्र. पुढे तो शिकायला गेला, कॅमेरा खोक्यात गेला, खोके माळ्यावर गेले. कोणी ते चित्र उतरवून ठेवले नाही, कारण आई तेव्हा समोर होती.

कॅमेऱ्यातली बॅटरी फुगून बसली होती. कॅमेरा काही जागा झाला नाही. पण आतले कार्ड शाबूत होते. पोस्टाच्या लहान तिकिटाएवढे, दोन मिलिमीटरदेखील जाड नाही. यावर आमची आई, मसाला आणि बहुधा त्या दिवशीचे सगळे स्वयंपाकघर. खोक्यात ते कार्ड वाचण्याची एक डबीही होती. कार्ड रीडर. त्याला शेपटासारखी वायर आणि तळाशी कागदाच्या पाकिटात एक चिमुकली सीडी. दादाने हा सगळा ऐवज माझ्याकडे पाठवला, कारण निवृत्तीपूर्वी आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यावर बसणारा पहिला कारकून मी होतो, असे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलेले आहे.

मी डबी कॉम्प्युटरला जोडली. म्हणजे ती तीन प्रयत्नांत जोडली गेली. यूएसबीचे ते चपटे टोक एका बाजूने जात नाही, उलटे केले तरी जात नाही आणि पुन्हा पहिल्या बाजूने केले की जाते. याचे जगातल्या कोणालाच आश्चर्य वाटेनासे झाले आहे. ज्या मंडळींनी ही यूएसबी काढली त्यांतले अजय भट्ट हे आपल्या बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेले. टोक दोन्ही बाजूंनी चालेल असे का नाही केले, तर तारा आणि सर्किटे दुप्पट लागली असती आणि खर्च वाढला असता, असे त्यांनी सांगितले आहे. सगळ्या जगाला तीनदा वाकवायचे पण खर्चाला आळा घालायचा, ही दृष्टी मला फार आपली वाटली. पण माणसाचे उपकार मोठे आहेत. १९९६ साली यूएसबीचा पहिला नियमग्रंथ निघाला. त्याआधी कॉम्प्युटरच्या पाठीमागे कीबोर्डाचे भोक वेगळे, माउसचे वेगळे, प्रिंटरचे वेगळे अशी नुसती चाळ होती. घरी प्रिंटर जोडताना झालेल्या छळावरूनच आपल्याला ही गोष्ट सुचली, असे भट्टांनीच सांगितले आहे.

डबी जोडल्यावर ‘टिंग’ असा आवाज आला. मग दुसरा, जरा उतरलेला ‘टुंग’ आवाज आला. मग काहीच आले नाही. मी पुण्याला चिरंजीवांना फोन लावला.

“बाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. काय दिसतंय?”

“पिवळा त्रिकोण.”

“त्यात?”

“उद्गारचिन्ह.”

“कोड किती लिहिलाय?”

“अठ्ठावीस.”

“म्हणजे ड्रायव्हर नाही.”

“कुणाचा?”

“कार्ड रीडरचा.”

“अरे, एवढ्याशा डबीला ड्रायव्हर? आपल्या गाडीला आपण कधी ठेवला नाही!”

मग त्याने मला जे समजावले ते मला इतके पटले, की हे शास्त्र आपल्याच लोकांनी काढले असावे अशी माझी खात्री झाली. यूएसबीला कोणतीही वस्तू जोडली की कॉम्प्युटर आधी तिची चौकशी करतो. तुम्ही कोण? कुठल्या घराण्यातल्या? वस्तू आपले दोन आकडे सांगते. एक कंपनीचा, म्हणजे कुळाचा. दुसरा खुद्द मालाचा, म्हणजे नाव. मग विचारतो, वर्ग कोणता? याचेही आकडे ठरलेले आहेत. कीबोर्ड-माउस मंडळी तीन नंबरच्या वर्गात. पेन ड्राइव्हसारख्या साठवणीच्या वस्तू आठमध्ये. डिजिटल सहीची वगैरे चिपवाली कार्डे वाचणारी यंत्रे अकरामध्ये. यांतल्या कोणत्याही वर्गातली वस्तू असेल तर चिंता नाही. त्या वर्गाचा ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या घरी कायमचा नोकरीला असतो. आजकालचे साधे कार्ड रीडर सगळे आठ नंबरचे, म्हणून ते लावल्याबरोबर चालतात. विंडोज ९८ च्या काळी त्यांनाही ड्रायव्हर बाहेरून आणावा लागे.

पण शेवटचा एक वर्ग आहे, दोनशे पंचावन्न. यातली वस्तू म्हणते, “आमच्याकडे ही पद्धत नाही. आमची पद्धत वेगळी.” लग्नघरात असे एक माणूस असतेच. मग तिच्याशी बोलायला तिच्याच माहेरचा दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. आमची डबी या घराण्यातली निघाली.

“सीडी असेल ना बरोबर?” चिरंजीव म्हणाले.

सीडी होती. सीडी घालायला जागा नव्हती. हल्लीच्या कॉम्प्युटरला सीडीचा खण नसतो. म्हणजे कार्ड वाचायला रीडर, रीडरला ड्रायव्हर, ड्रायव्हर सीडीवर, आणि सीडी वाचायला आणखी एक रीडर. तो मी दोन इमारती पलीकडच्या एका गृहस्थांकडून मागून आणला. तो आला, यूएसबीला लावला आणि बिनबोभाट चालला. आठ नंबरचा होता. मला त्याचा एकदम आदर वाटला.

सीडीने विचारले, तुमची विंडोज कोणती? ९८, मी, २०००, की एक्सपी? पुढे काही नाहीच. जणू जग तिथेच संपले. मी एक्सपी म्हटले. कॉम्प्युटर म्हणाला, हा ड्रायव्हर या यंत्राला चालणार नाही. कारण ड्रायव्हर ३२ बिटांचा आणि कॉम्प्युटर ६४ बिटांचा.

“बाबा, जुने प्रोग्रॅम चालतात तसे जुने ड्रायव्हर नाही चालत,” चिरंजीव म्हणाले. “प्रोग्रॅम बाहेरच्या खोलीत बसतो. ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये जातो.”

कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे. कॉम्प्युटरच्या कारभाराचा गाभा. म्हणजे हा प्रकार गाभाऱ्यातला आहे. सभामंडपात कोणीही यावे, टाळ कुटावेत. गाभाऱ्यात सोवळ्याशिवाय सोडत नाहीत. आणि हे सोवळे काही उगीच नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमने घोळ घातला तर तो एकटा पडतो. गाभाऱ्यातला ड्रायव्हर घसरला तर सगळे देऊळ बसते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यादेखत नव्या विंडोज ९८ ला यूएसबीवरून एक स्कॅनर जोडून दाखवत होते. स्कॅनर जोडला, आणि भल्यामोठ्या पडद्यावर सगळे निळेच्या निळे झाले. हजारो लोक हसले. ही हकीकत कळल्यापासून माझ्या मनातला न्यूनगंड साफ गेला. ज्याच्या घरचे कार्य त्याच्याच पंगतीत वरणात पाणी निघते, तिथे आपण कोण?

त्यावरून शहाणे होऊन पुढे एक नियम आला. २००७ सालच्या व्हिस्टापासून ६४-बिटी विंडोजच्या गाभाऱ्यात जायचे तर ड्रायव्हरवर ओळखीची डिजिटल सही हवी. २०१६ पासून तर नव्या ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची मोहोर लागते. या नियमाबद्दल तरुण मंडळी कुरकुर करतात. मी नाही. मी तीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत. ‘सत्यप्रत’ असा शिक्का आणि त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही नसेल तर खुद्द अर्जदार समोर उभा असला तरी तो जन्मला आहे असे मी मानलेले नाही. कॉम्प्युटरने माझ्यासारखेच वागावे, यात तक्रार कसली?

तक्रार त्या डबी करणाऱ्या कंपनीची. तिने एक्सपीनंतर त्या डबीचा ड्रायव्हर काढलाच नाही. डबी ठणठणीत आहे, तिच्यात काही बिघडलेले नाही, फक्त तिची भाषा बोलणारा दुभाष्या वारला आणि वारस नेमला गेला नाही. असे पुष्कळ यंत्रांचे झाले आहे. कपाटाकपाटांतून असे प्रिंटर, स्कॅनर, टीव्ही ट्यूनर धडधाकट पडून आहेत.

दरम्यान पुतण्याने इंटरनेटवरून कुठला तरी एक ६४-बिटी ड्रायव्हर शोधून पाठवला. त्या जागेवर ‘डाउनलोड’ लिहिलेली पाच हिरवी बटणे होती आणि त्यांतले खरे सोडून कोणतेही दाबले की घड्याळ, हवामान आणि विवाहेच्छू तरुणी यांपैकी काहीतरी मिळत होते. खरे बटण पुतण्यालाच माहीत. तो ड्रायव्हर घातला. कोड २८ गेला आणि कोड ५२ आला.

“अरे वा, चोवीस मार्क वाढले!” ही म्हणाली.

कोड ५२ म्हणजे सही पटत नाही. माझ्या कचेरीचा शेरा. मी मुकाट्याने तो ड्रायव्हर काढून टाकला. सहीची तपासणी बंद करण्याची युक्ती आहे म्हणतात, पण हिरव्या बटणांच्या गल्लीतून आलेल्या माणसाला गाभाऱ्याची किल्ली द्यायला मन होईना.

मग मी लॅमिंग्टन रोडला गेलो. ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड. या रस्त्याचे नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झाले आहे, पण त्या नावाने विचारले तर तिथला दुकानदारही आपल्याला दवाखान्यात पाठवील. पहिल्या तीन दुकानांत कार्ड पाहून लोक हसले. चौथ्यात एकजण म्हणाला, “अंकल, ये तो म्यूझियम का माल है.” हे एक्सडी जातीचे कार्ड. २००२ साली जपानमधल्या दोन कॅमेरा कंपन्यांनी काढले, आठ-दहा वर्षांत मागे पडले. आता जिकडेतिकडे एसडी. त्यामुळे नव्या रीडरांना एक्सडीचे भोकच नसते. पाचव्या दुकानातल्या पोराने मात्र खालच्या खणातून धुळीने माखलेला एक जुना रीडर काढला. त्याला भोके इतकी होती की बासरीला लाज वाटावी. त्यांत एक्सडीचेही होते. आणि तो आठ नंबरचा, म्हणजे ड्रायव्हरची भानगड नाही!

कार्ड आत गेले. आवाज ‘टिंग’च आला. पडद्यावर एक चौकट उमटली. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची आहे का?’

“करना पडेगा,” पोरगा म्हणाला आणि त्याने सहज माउस सरकवला.

माझे वय अडुसष्ट. जिना चढताना मी मध्ये थांबतो. पण त्या पोराचे मनगट मी ज्या चपळाईने धरले, ती चपळाई माझ्यात कुठे ठेवलेली होती देव जाणे. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. कॉम्प्युटर ते इतक्या अदबीने विचारतो, की माणसाला वाटते चहा घेणार का असे विचारतो आहे.

“आई आहे त्यात,” मी म्हणालो.

पोराने माउस सोडला. कार्ड बाहेर काढले, शर्टाच्या टोकाला पुसले आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत. वर त्यानेच समजावून सांगितले. एसडी कार्डाच्या पोटात स्वतःचा एक छोटा मेंदू असतो. साठवण कुठे, कशी, ते कार्ड स्वतः पाहते. एक्सडीला मेंदूच नाही, नुसती साठवण. सगळी अक्कल रीडरने चालवायची. २००५ पासून या कार्डांचे नवे पोटभेद निघाले, ते त्याआधीच्या रीडरला ओळखू येत नाहीत. ओळखू आले नाही की तो सरळ सांगतो, कार्ड कोरे आहे. कार्ड कोरे नसते. वाचणारा अडाणी असतो.

परतीच्या गाडीत कार्ड चष्म्याच्या घरात ठेवून ते घर मी हातात धरून बसलो होतो. मुलुंडपर्यंत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. इंजिनिअरिंगला आहे, रात्री दोनपर्यंत तिच्या खोलीत दिवा असतो. तिच्या आजीकडून हिला कळले आणि हिच्याकडून तिच्या आजीला, आणि रविवारी सकाळी ती मुलगी एक पेन ड्राइव्ह घेऊन खाली आली.

“आजोबा, तुमचा तो पहिला रीडर आहे ना अजून? दोनशे पंचावन्नवाला?”

“आहे. पण त्याचा ड्रायव्हर वारला, बाळ.”

“विंडोजमधला वारला,” ती म्हणाली.

तिने पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तो लिनक्समध्ये. हे लिनक्स प्रकरण १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केले. पुढे जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. पेन ड्राइव्हवरून तात्पुरते चालते, घरच्या विंडोजला धक्का लागत नाही. पाहुण्याने आपले अंथरूण आपण आणावे तसे. आणि तिथली रीत अशी, की बहुतेक ड्रायव्हर बाहेरून आणायचे नसतात. ते त्या कर्नलबरोबरच नांदतात. कंपनीने माल बंद केला, जग पुढे गेले, तरी सहसा कोणी त्यांना घराबाहेर काढत नाही. म्हाताऱ्या आत्याला कोपऱ्यातली खोली असते तशी त्यांना जागा असते.

मी डबी लावली. तीन प्रयत्नांत. पडद्यावर काही अक्षरे सरकली. पिवळा त्रिकोण आला नाही.

“बघा. अलाउडा,” ती मुलगी म्हणाली. “तुमच्या रीडरमध्ये त्या नावाची चिप आहे. तिचा ड्रायव्हर यात आधीपासूनच आहे.”

“कधीपासून?”

तिने कुठेतरी पाहिले. “२००५ साली लिहिलाय.”

म्हणजे २००६ च्या उन्हाळ्यात आमची आई मसाला भाजत बसली होती, तेव्हाच इकडे हा गृहस्थ तयार होऊन बसला होता. इतकी वर्षे. आणि आम्ही कँटीनमध्ये शोधत होतो. अलाउडा म्हणजे लॅटिनमध्ये चंडोल, हे मी नंतर शब्दकोशात पाहिले.

“लिहायचं काही नाही ना? मग मी नुसतं वाचण्यापुरतं जोडते,” असे म्हणून तिने कार्ड उघडले. १४३ फोटो आणि एक फिल्म. एक मिनिट बारा सेकंद. तिने आधी त्याच्या चार नकला चार जागी ठेवल्या. मगच मला विचारले, “लावू?”

मी म्हटले, थांब. आणि फोन केले.

दुपारी चार वाजता आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसे होती. चित्र पासबुकावरच्या फोटोएवढे. पहिली काही सेकंदे नुसता पुतण्याचा अंगठा दिसतो. मग अंगठा सरकतो आणि कढईपुढे बसलेली आई दिसते. पदर खोचलेला, हातात उलथने.

“अरे, ते काय डोळ्याला लावलंयस? ठेव खाली आणि तो डबा दे इकडं.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. दादाने चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

चित्रातल्या थोरल्या वहिनींचा आवाज येतो, “आई, धने किती हो घ्यायचे?”

“धने ना,” आई म्हणते, “धने घ्यायचे...” आणि कुकरची शिट्टी होते. शिट्टी थांबते तेव्हा आई म्हणत असते, “...म्हणजे बरोबर होतात.”

“पुन्हा लाव!” चार बायका एकदम म्हणाल्या.

पुन्हा लावले. सात वेळा लावले. त्या मुलीने आवाज कमी-जास्त करून पाहिला. थोरल्या वहिनींना ‘दीड’ ऐकू येते. धाकटीला ‘अडीच’. आमची ही म्हणते, यात आकडाच नाही, त्या ‘अंदाजानं’ म्हणाल्या. आणि वहिनी, प्रश्न तुम्हीच विचारला होतात, मग उत्तर कसे आठवत नाही? वहिनी म्हणाल्या, तेव्हा मला कुकर बंद करायचा होता!

पुढचे मात्र स्वच्छ ऐकू येते. वहिनी विचारतात, “आणि दगडफूल?”

“हातात येईल तेवढं.”

“म्हणजे किती?”

आई वर पाहते. सरळ कॅमेऱ्यात. डब्यात हात घालते आणि दगडफुलाची मूठ भरून पुढे करते, “एवढं गं!” हात इतका जवळ येतो की सगळे चित्र त्या हातानेच भरून जाते. बांगड्या, भाजल्याचा जुना डाग, सगळे. आणि फिल्म संपते.

त्या मुलीने शेवटचे चित्र पडद्यावर तसेच थांबवून ठेवले. ताई उठली, कॉम्प्युटरजवळ गेली आणि तिने आपली मूठ त्या मुठीशेजारी धरली. मग वहिनींनी धरली. मग धाकटीने. हिने आधी नको नको म्हटले आणि मग धरली. चित्र मोठे करायचे की लहान यावर थोडा वाद झाला. शेवटी हात ताईचाच जमतो, असे वहिनीच म्हणाल्या. आणि वहिनी ताईच्या बाजूने काही बोलल्याचे मी तरी प्रथमच ऐकले.

पुढच्या रविवारी ताईला मसाल्याला बोलावले. वरच्या मजल्यावरच्या मुलीलाही जेवायला सांगितले. धने किती आणायचे ते शनिवारी रात्रीपर्यंत ठरले नव्हते. ही म्हणाली, “तीन किलो आणा. उरले तर उरले.”